पिवळ्या रेषेच्या आत

आमच्याकडे जपानात ओबोनच्या सणाला पितर काड्यांचे पाय लावलेल्या काकडीच्या घोड्यावरून घरी येतात आणि चौथ्या दिवशी वांग्याच्या गाईवरून सावकाश परत जातात. यंदा तोमोयाचा पहिला ओबोन. सात वर्षांचा माझा मुलगा फेब्रुवारीत तापाने गेला.

"त्याला काकडी खायलासुद्धा आवडायची नाही," नवरा म्हणाला, आणि त्याने तोमोयाची खेळण्यातली आगगाडी काढली. सासूबाई नाक मुरडतील असं वाटलं होतं, पण देव्हाऱ्यापासून व्हरांड्यापर्यंत रूळ त्यांनीच जोडले. देव्हाऱ्याजवळ स्टेशन, वाटेत तोमोयाने केलेला पुठ्ठ्याचा बोगदा. फलाटाच्या कडेला पिवळी रेष, बाकी फलाट रिकामाच. माणसं ठेवली की गाडी लहान दिसते, असं तोमोयाचं म्हणणं.

येताना गाडी सुरळीत आली. निरोपाच्या संध्याकाळी अंगणात जाळ पेटवला, गाडी सोडली, आणि बोगद्याच्या तोंडाशी शेवटचा डबा रुळावरून उतरला.

रुळाला जोडायच्या उतरत्या पट्टीवर ठेवून हलकेच ढकलला की डबा रुळावर चढतो. चाकं बसली की टिक् वाजतं. गॅस बंद केलाय का हे तीनदा बघणारी मी, टिक् ऐकूनही पुन्हा चाचपत बसले. गाडी सुटली. डबा पुन्हा उतरला. नवऱ्याने चढवला, तरी तेच. मग मी उचलला तर तो जड लागला. त्याला स्ट्रॉबेरीच्या त्या तापाच्या औषधाचा वास येत होता.

बोगद्यापाशी चटईला गाल टेकून नागिसा, माझी तीन वर्षांची मुलगी, काहीतरी कुजबुजत होती. तिच्या पायांत बूट होते. घरात, चटईवर. बंद नीट बांधलेले. तिला ते अजून बांधता येत नाहीत.

"दादाला एकट्याला नाही जायचं," ती म्हणाली. "मला चल म्हणतो..."

डबा खाली टाकून मी तिचे बूट ओढून काढले. वाकून बोगद्यात तोंड घातलं. आत गार होतं.

"तोमोया... ती लहान आहे रे. तू हो पुढे. आई येते मागून."

टिक्. टिक्. गाडी बोगद्यातून निघाली ती थेट व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली. तिथे उचलून पाहिला तर डबा पिसासारखा हलका लागला.

काय बोललीस त्याच्याशी, असं सासूबाईंनी विचारलं. सांभाळून जा म्हटलं, मी सांगितलं. त्यांनी काडीने राख सारखी केली.

"वाटेला लावताना कबूल काही करायचं नसतं, मिसाओ."

रूळ उचलायचा नवऱ्याला अजून धीर होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटावर नखाएवढी बाई उभी होती. माझ्यासारखाच निळा एप्रन, हातात पिशवी, तोंड बोगद्याकडे. नवऱ्याला वाटलं मी आणली, मला वाटलं त्याने. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली. पुढच्या सकाळी ती परत फलाटावर. आता मी तिला हात लावत नाही. ती पिवळ्या रेषेच्या आत आहे ना, एवढंच रोज बघते.

आज तिचं एक पाऊल रेषेच्या पुढे होतं.

नागिसाला मी बुटाचे बंद बांधायला शिकवायला घेतलंय.