बीकरमधली गाठ

रात्रीची गोष्ट नाही ही. भर दुपारची आहे आणि शंभर टक्के खरी आहे. हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या.

१९७४ चा उन्हाळा. कराडच्या एका कॉलेजातली रसायनाची लॅब.

जोतीराममामा तिथं शिकवायचे. उद्या पोरांना नायलॉन करून दाखवायचं, म्हणून एकटेच करून बघत होते.

जीव मात्र गावाकडं अडकलेला.

मागच्या वर्षी त्यांचा थोरला भाऊ आकाराम विहिरीतला गाळ काढायला उतरला, तो वरून खाली पडूनच गेला. कमरेला नायलॉनचा नवाकोरा दोर होता, त्यानंच हौसेनं आणलेला. दोर तुटला नाही.

नुसता रिकामा वर आला...

का, ते कुणालाच कळलं नाही. विहिरीनं माणूस खाल्ला, म्हणून गाव मोकळं झालं.

आणि आज त्याच दोरानं, त्याच विहिरीत धाकटा भाऊ कोंडीबा उतरणार होता. मामांनी सकाळी अडवलं, तर हसला.

"आवं आण्णा, हत्ती बांधा ह्याला. लय चिवट हाय!"

मामांनी बीकरमध्ये एक द्रव ओतला. त्यावर अलगद दुसरा. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, पण जिथं टेकतात तिथं पातळ साय धरते. मामा पोरांना सांगायचे, "ह्याच्या कणाला दोन हात, त्याच्याही कणाला दोन हात. एकानं एक हात धरला, तरी दुसरा मोकळाच. म्हणून साखळी वाढतच जाते. आणि दर पकडीला एक बारका कण सुटून बाहेर पडतो. कारखान्यात पाण्याचा, इथं आम्लाचा."

चिमट्यानं साय उचलली. धागा निघाला. काचेच्या दांडीवर ते गुंडाळत राहिले.

आणि...

आतून हिसका बसला.

मग दुसरा.

विहिरीत उतरलेला माणूस दोन हिसके देतो. म्हणजे, वर ओढा.

"अडकलं असंल काहीतरी," ते स्वतःशीच पुटपुटले.

द्रव तळाला गेला. संपला. आता धागा थांबायला हवा होता.

थांबला नाही...

कोरड्या बीकरमधून तो येतच राहिला. ओला, गार. रसायनाचा वास नाही. गाळाचा वास.

आणि मग एक गाठ वर आली.

आकारामची गाठ! अंबाडीच्या दोराला तो आयुष्यभर मारायचा तीच, एका वेढ्याची.

मामा बघत होते आणि गाठ आपोआप सरकली. सुटली. धागा सरळ झाला.

मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अंबाडी खरबरीत, गाठ धरून ठेवते. नायलॉन गुळगुळीत. ओझं पडलं की एका वेढ्याची गाठ सरकते!

आणि कोंडीबा तीच, थोरल्याकडून शिकलेली गाठ मारणार होता.

मामा सायकलवर सुटले ते थेट विहिरीवर. पोचले तेव्हा कोंडीबा काठावर बसलेला, पांढराफटक. दोर पायाशी मोकळा पडलेला.

"गाठ सुटली व्हय रं?"

"काठावर हात टेकला आन् सुटली," दोर धरणारा धुळा म्हणाला. "नशीब, आमी आधीच ओढला. दोन हिसकं दिलं की ह्यानं!"

कोंडीबानं मान हलवली.

"म्या न्हाई दिलं, आण्णा. मी निम्म्यातच हुतो. हिसकं खालनं आलं..."

मामांनी कोंडीबाला घट्ट धरलं आणि लहान पोरासारखे रडले.

मामा आता थकलेत. तो धागा अजून त्यांच्या कपाटात आहे, दांडीवर गुंडाळलेला. आम्ही म्हणतो, टाकून द्या.

"टाकू कसा?" ते म्हणतात. "कोंडीबाला वर धाडलं थोरल्यानं. पण त्याला कोण वर ओढणार?"

परवा दुपारी कपाटातून काच वाजली. दोनदा...

मामा उठले. धाग्याचं टोक धरून ओढत बसले.

टोक ओलं होतं.