चुकांचा हातमोजा

कोथळपूरच्या तंत्रशाळेची प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीची केळी पिकवायची खोली. २०४३ सालच्या जानेवारीत त्या खोलीत डॉ. वृंदा खासनीस यांनी हनीफ मिस्त्रींच्या दोन्ही हातांत राखाडी मोजे चढवले आणि त्यांना रोजच्यासारखी मोटार भरायला सांगितली. जळालेल्या पंपाच्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे काम मिस्त्री पस्तीस वर्षं करत होते. पंचक्रोशीतल्या केळीबागा त्यांच्या बोटांवर जगत होत्या, आणि ती बोटं आता साठीला आली होती.

"म्हणजे माझा हात काढून पोरांना देणार?" मिस्त्रींनी विचारलं.

वृंदाताईंनी समजावलं. सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतो ते सांगता येत नाही, कारण ते ज्ञान शब्दांत नसतं, अंगात असतं. या 'हस्तस्मृती मोज्या'त केसाहून बारीक तंतू आहेत. मिस्त्रींचं बोट किती वळलं, तार किती ओढली, हे ते टिपून ठेवतात. मग तोच मोजा शिकणाऱ्यानं घातला, की तंतू आखडतात आणि त्याची बोटं तशीच हलवतात. दहा-बारा दिवसांत नसांना ती हालचाल पाठ होते आणि मोजा काढला तरी हात चालत राहतो.

वृंदाताईंनी या मोज्यावर नऊ वर्षं घालवली होती. शहरातल्या संस्थांनी त्यांना नम्रपणे चहा पाजून परत पाठवलं होतं. कोथळपूर ही शेवटची आशा होती.

आणि मोजा चालला. वीस जणांच्या पहिल्या तुकडीनं अकराव्या दिवशी मोटारी भरल्या. त्यांत कॉलेज सोडलेली मुलं-मुली होती, तसेच चार शेतकरीही होते. सगळ्यांत वयस्क इंदूबाई महाजन, बावन्न वर्षांच्या, सहा एकर केळीच्या धनीण. त्यांनी पहिली मोटार भरली तेव्हा हनीफ मिस्त्री आपल्याच हाताकडे पाहिल्यासारखे पाहत राहिले.

तक्रार आली ती इंदूबाईंच्या सासूबाईंकडून. सून दर थोड्या वेळानं डाव्या तळव्यावर अंगठा घासते आणि वर दोन थापट्या मारते. पोळ्या लाटतानाही तेच. मग इतर घरांतूनही निरोप येऊ लागले. तुकडीतल्या कोळ्यांच्या रेश्माला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर तिनं चहाचा ट्रे ठेवला आणि निवांतपणे तळवा मळला. पाहुणे उठून गेले. वृंदाताईंना कोडं सुटेना. शेवटी मिस्त्रींनी ओशाळून खिशातली तंबाखूची डबी टेबलावर ठेवली. तारेचं एक वेटोळं झालं की चिमूट मळायची, ही त्यांची सवय होती. मोज्यानं तीही इमानदारीनं टिपली होती.

वृंदाताईंनी नोंदीतून तंबाखू पुसली, वीसही जणांना नवी नोंद पुन्हा दिली, आणि रेश्माच्या घरी जाऊन तिच्या वडिलांना सगळं शास्त्र सांगून आल्या.

खरं संकट एप्रिलमध्ये आलं. बाजारात नव्या मोटारी आल्या होत्या. जुन्यांच्या पोटात तार बसवायला चोवीस खाचा असत, यांच्यात छत्तीस. उन्हानं मोटारी जळू लागल्या, लोकांनी त्या शाळेत आणल्या, आणि वीस तरबेज हातांनी त्या चोवीसच्या हिशेबानं भरल्या. मोटारी नुसत्या घुमल्या आणि धूर सोडून बसल्या. इंदूबाईंची स्वतःची बाग चार दिवस पाण्यावाचून होती, पानं मधून चिरून लोंबत होती. त्यांना समोर चूक दिसत होती, पण हात ऐकत नव्हते.

हनीफ मिस्त्रींनी छत्तीस खाचांची मोटार आयुष्यात पाहिली नव्हती. ते तासभर तिच्यापुढे बसले आणि दुपारपर्यंत ती भरून दिली.

"तुम्हाला कसं जमलं?" वृंदाताईंनी विचारलं.

"मॅडम, मी शिकताना चाळीस मोटारी जाळल्यात. तुमच्या मोज्यात त्यातली एकही नाही."

त्या रात्री वृंदाताई सगळ्या नोंदी पुन्हा चाळत बसल्या. नऊ वर्षं त्या बरोबर हालचाली गोळा करत होत्या. पण बरोबर हालचालीला फक्त एकच मोटार येते. नवी मोटार समोर आली, की उपयोगी पडते ती चूक ओळखायची ताकद. दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना मोजा घालून मुद्दाम चुकायला सांगितलं. मिस्त्रींनी मनापासून प्रयत्न केला. पण चुकायच्या आधीच त्यांचा हात स्वतःला सावरून घेई. चांगला चुकणारा माणूस हवा होता, आणि खोलीत तसा एकच होता.

वृंदाताईंनी स्वतः मोजा घातला. त्यांनी तारेवरचा मुलामा खरवडला, तारेखालचा कागद खाचेत घातलाच नाही, एक वेटोळं उलटं फिरवलं आणि फेरे मोजताना फोन घेतला. तोच मोजा मग इंदूबाईंनी घातला. बोटं चुकीकडे ओढली जाऊ लागली. मोजा उलटं फिरवायला बघे आणि बाई दात-ओठ खाऊन सुलटं. अडवायचं तर हे चूक का, तेही ठरवावं लागे. महिनाभरात वीसही जण छत्तीस खाचा भरू लागले. बागांना पाणी मिळालं.

फक्त एक अडचण झाली. चुकता चुकता वृंदाताई शिकल्या. जूनपर्यंत त्यांच्या नोंदी जवळजवळ निर्दोष येऊ लागल्या आणि पुढच्या तुकडीचा अभ्यासक्रम आटला.

अशात तपासणी समिती आली. तिचे अध्यक्ष प्रभंजन दातीर यांनी मोटारदुरुस्तीवर सहा पाठ्यपुस्तकं लिहिली होती आणि हजारो प्रमाणपत्रांवर सही केली होती. इथे चुका शिकवतात हे ऐकून त्यांनी शाळा बंद करण्याचा शेरा लिहायला घेतला. पण आधी योग्य पद्धत दाखवावी, म्हणून त्यांनी कोट काढला आणि मोजा चढवला.

वीस मिनिटांत त्यांनी चौदा चुका केल्या. त्यांतल्या नऊ हनीफ मिस्त्रींनीही कधी पाहिल्या नव्हत्या. वर्ग श्वास रोखून बघत होता. मिस्त्रींनी हळूच वही काढली. इतकं तल्लीन होऊन आपल्याला कुणी कधी ऐकलं नाही, असं दातीरसाहेबांना वाटलं. शेरा तसाच राहिला, आणि ते दर गुरुवारी येऊ लागले.

वर्ग इतका तल्लीन का होतो, याचं खरं कारण वृंदाताईंनी दुसऱ्या गुरुवारी त्यांना सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा उतरला. ते कोट उचलून दारापर्यंत गेले, आणि मग परत येऊन तारेच्या रिळाजवळ बसले.

ऑक्टोबरात त्यांनी भरलेली मोटार इंदूबाईंच्या विहिरीवर बसवली. बटण दाबताच ती गोल, शांत आवाजात फिरली आणि नळीतून पाण्याचा लोट आला. साहेबांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पुढच्या गुरुवारी किती वाजता येऊ, असं विचारलं.

वृंदाताईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री दुसरीकडे बघू लागले. उत्तर इंदूबाईंनीच दिलं.

"आता नका येऊ, साहेब. तुमच्याकडून शिकण्यासारखं काही राहिलं नाही."

दातीरसाहेब पाण्यात उभे होते. त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि लहान मुलासारखे हसले.