सीटवाली आणि तपासनीस

भंगारबाजारात मोडक्या गाड्यांच्या रांगेत, उघड्यावर टाकलेल्या एका सीटवर एक मुलगी डोळे मिटून बसली होती. भुरभुर पाऊस पडत होता. तिच्या डोक्यावर छत्री होती, आणि चेहऱ्यावर मात्र गाडी सुरू असून आपण कुठेतरी लांब निघालो आहोत, असा निवांतपणा होता. तिथे आलेल्या तपासनिसाला ती पाहताक्षणी संशयास्पद वाटली.

तसं त्याला सगळंच संशयास्पद वाटायचं. विमा कंपनीत अपघाताच्या दाव्यांची तपासणी करणं हे त्याचं काम. गाडी झाडावर आपटली असं कुणी म्हटलं, की हा म्हणायचा, झाड दाखवा. झाड दाखवलं, की हा सालीवर गाडीचा रंग शोधायचा. कित्येक वर्षं हेच केल्यामुळे, शेजाऱ्याने सकाळी ‘काय, कसं काय’ विचारलं तरी याच्या मनात यायचं... आजच का विचारतोय?

आज तो सीट शोधायला आला होता. आत्याचा जुना, गोल नाकाचा, छोटा ट्रक आता त्याच्याकडे आला होता. आत्याने त्यातून जन्मभर रोपवाटिकेची झाडं पोचवली, आणि त्यातल्या स्प्रिंगांच्या बाकाने तिच्या पाठीची वाट लावली. ट्रक देताना तिची एकच अट होती. “ते बाक काढ आणि एखाद्या नव्या गाडीची धड सीट बसव. माझी पाठ गेली ती गेली, तुझी घालवू नकोस.”

त्याने समोरची एक राखाडी सीट दाबून पाहिली. मऊ होती, कुठे फाटलेली नव्हती.

“ती घेऊ नका,” मुलगी डोळे न उघडता म्हणाली.

“का?”

“पाणी प्यायलीय.”

“तुम्हाला काय माहीत? तुमचे तर डोळे मिटलेत.”

“नाक उघडं आहे ना.”

नको म्हणणाऱ्याचा स्वार्थ आधी शोधावा, हा तपासणीतला पहिला धडा. म्हणजे ही सीट हिलाच हवी असणार, उघड आहे. त्याने राखाडी सीट तिथल्या तिथे घेऊन टाकली आणि ट्रकमध्ये चढवली. मुलीने एक डोळा उघडून त्याच्याकडे पाहिलं... आणि ती हसली. ते हसणं घरापर्यंत त्याच्या मागे लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याने सांगितलेल्या वर्कशॉपमध्ये तो ट्रक घेऊन गेला. पांढऱ्या मिशांचे मिस्त्री बाहेर आले, ट्रकभोवती एक फेरी मारून म्हणाले, “सीटचं काम माझी मुलगी बघते.” आणि गळ्यात मोजायची टेप अडकवलेली तीच मुलगी आतून आली. भंगारबाजारात तिला सगळे सीटवाली म्हणायचे, हे त्याला मागाहून कळलं. तिने ओळख दाखवली नाही. राखाडी सीट खाली उतरवली, तिच्यावर गुडघा टेकला आणि जोर दिला. शिवणीतून गढूळ पाण्याची धार निघाली आणि त्याच्या बुटांपर्यंत आली.

“पुरात बुडलेली गाडी,” ती म्हणाली. “कितीही वाळवा, वास जायचा नाही.”

त्याला तोंड कुठे लपवावं कळेना. “मग... दुसरी कुठे मिळेल?”

“मी बसले होते ना, ती आहे. घेऊन ठेवलीय.”

लगेच त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. आपली सीट खपवायची म्हणूनच दुसरीला नावं ठेवली की काय? पण नावं ठेवली ती तर खरीच निघाली. म्हणजे ही फारच पोचलेली असणार.

“तुम्ही मुद्दाम केलंत,” तो म्हणाला.

“काय मुद्दाम केलं? खरं बोलले?”

त्याने बुटांवरचं पाणी झटकलं आणि तिची सीट घ्यायचं कबूल केलं.

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. बाक काढलं तर त्याच्यामागे पेट्रोलची टाकी, म्हणजे सीट मागे सरकवायला जागा नाही. नवी सीट उंच आणि ट्रकचं छप्पर ठेंगणं, म्हणजे डोकं आपटणार. शिवाय जुन्या गाडीच्या पत्र्याला नवीन भोक पाडायचं नाही, हा मिस्त्रींचा नियम. म्हणून सीटवालीने ठरवलं, की बाकाचे मूळचे चार लोखंडी पाय तसेच वापरायचे, त्यांच्यामध्ये खोलगट लोखंडी पाट जोडायचा आणि त्यात नवी सीट बसवायची.

मूळचे पाय म्हटल्यावर तपासनिसाचे कान टवकारले. जुन्या गाड्यांचे मूळचे भाग काढून तिथे नकली बसवतात, अशी प्रकरणं त्याने ढिगाने पाहिली होती. ती जरा बाहेर गेल्याचं पाहून त्याने खिशातून आत्याची लाल नेलपेंट काढली, आणि चारही पायांना खालच्या बाजूने एकेक ठिपका लावून टाकला. नेलपेंटची बाटली तो घरूनच घेऊन आला होता, यावरून काय ते समजावं.

मग ऑफिस सुटलं की तो रोज तिथे जाऊन स्टुलावर बसू लागला.

“ही वायर कसली?” तो विचारायचा.

“बेल्ट लावला नाही, हे ही वायर गाडीला सांगते. तुमच्या ट्रकला कान नाहीत, म्हणून काढून टाकतेय.”

“आणि हा बोल्ट नवीन का?”

“जुना बोल्ट मला आवडला, घरी नेऊन उशाशी ठेवला... अहो, गंजून तुटला तो. हा काय, तुमच्या पायाशी पडलाय.” तिने पाना खाली ठेवला. “तपासनीस, तुम्ही रोज येता कशाला?”

“बघायला.”

“काय?”

“काम.”

“कामच ना?” ती म्हणाली, आणि त्याचे कान तापले.

एके दिवशी तिने त्याला सीटवर बसवलं. “डोळे मिटा.”

“का?”

“उघड्या डोळ्यांनी माणूस फोटोला बसल्यासारखा ताठ बसतो. मिटले, की जसा आहे तसा बसतो. मला माप त्या माणसाचं पाहिजे.”

त्याने डोळे मिटले. म्हणजे एक मिटला. दुसऱ्याच्या फटीतून त्याला ती दिसत होती... केसांत अडकलेले फोमचे कण, दातांत धरलेला खडू, आणि त्याच्या गुडघ्यामागे टेप धरणारी तिची दोन बोटं. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

“एक डोळा उघडा आहे,” ती म्हणाली.

“नाही.”

“आहे. मी पापणीकडेच बघतेय.”

“का बघताय?”

ती जरा गडबडली. “सवय आहे... मिटा बरं. मिटलात तर काय होईल?”

“तेच तर माहीत नाही.”

“काही होणार नाही हो,” ती इतक्या हळू म्हणाली, की त्याला खरंच डोळा मिटावासा वाटला. पण त्याने मिटला नाही. मग तिनेच उसासा टाकून खडूची खूण एक इंच खाली घेतली. “एका डोळ्यापुरतं कमी धरते.”

ती त्याला आवडू लागली होती. इतकी, की त्याची झोप उडाली होती, आणि म्हणूनच संशयाला नवीन काम मिळालं होतं. ती हसते ती आपल्याकडे बघून, की गिऱ्हाईक म्हणून सगळ्यांकडेच बघून? त्याने आत्याला विचारलं.

“तुला ती आवडते ना? मग तिला जाऊन सांग,” आत्या म्हणाली.

“पण तिच्या मनात काय आहे, हे आधी कळायला नको?”

“ते विचारायचं असतं रे, त्याच्यावर पाळत ठेवायची नसते. असाच राहिलास तर ती एक दिवस कंटाळेल, आणि तुझ्याकडे नुसता ट्रक उरेल.”

त्याला ते पटलं. सीट बसवून होईल त्या दिवशी सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. स्वच्छ शर्ट घालून, वाक्यं पाठ करून तो गेला. सीट बसली होती, आणि जन्मापासून त्याच ट्रकमध्ये असल्यासारखी दिसत होती. ती दाराशी उभी राहून त्याच्याकडेच बघत होती. पण सवय जाते थोडीच? बोलण्याआधी तो वाकला, आणि मोबाइलचा उजेड पाडून त्याने सीटखाली पाहिलं.

चार काळेभोर, चकचकीत पाय. लाल ठिपका एकावरही नव्हता.

तो तिला नुसतं विचारू शकला असता. पण त्याच्या तोंडून ऑफिसातला आवाज आला. “मूळचे पाय कुठे आहेत?”

“हेच की.”

“हे नाहीत. मी खुणा केल्या होत्या.”

आत मिस्त्रींची हातोडी थांबली.

“लाल ठिपके,” ती सावकाश म्हणाली. “ते तुम्ही लावले होते? मला वाटलं, घरात कुणी लहान मूल असेल.” मग तिला काहीतरी आठवलं. “पहिल्या दिवशी... मी तुमच्यासाठी चहा आणायला गेले होते. तेव्हा लावलेत?”

त्याने मोबाइलचा उजेड बंद केला.

तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली. “ट्रक घेऊन जा. सीट चांगली बसलीय. पुढे काही लागलं, तर बाबा बघतील.”

सीट नुसती चांगली नव्हती. कमरेत जिथे आधार हवा तिथे आधार होता, डोक्यावर बरोबर वीतभर जागा होती. पूर्वी बाक या दारापासून त्या दारापर्यंत होतं. आता ही एकच सीट, आणि शेजारी उघडा पत्रा. प्रत्येक वळणावर त्याची बॅग त्या पत्र्यावरून इकडून तिकडे घसरत होती. इतक्या आरामात बसून इतकं वाईट त्याला कधी वाटलं नव्हतं.

घरी आत्याने सीटखाली हात घातला आणि बोटांनी चाचपलं. “हा मागचा डावा. एकदा भर रस्त्यात मोडला होता, मीच जोडला. ही बघ माझ्या वेल्डिंगची वाकडी गाठ... हात लावून बघ.”

त्याने हात लावला. गाठ होती.

“पोरीने एवढ्या वर्षांचा गंज घासून काढला आणि वर रंग दिला. त्या गंजाबरोबर तुझे ठिपके गेले,” आत्या म्हणाली. “आणि माझी नेलपेंट दे इकडे.”

दुसऱ्या दिवशी तो वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि “मला आत काम आहे” असं कुणी न विचारता सांगून ते आत गेले. ती शिलाई मशीनवर सीटचं कव्हर शिवत होती. मशीन थांबलं नाही.

“तक्रार आहे?” तिने विचारलं.

“आहे.”

“सीटची?”

“माझी.”

मशीन थांबलं. “काय झालं ते सांगा,” ती अगदी त्याच्या ऑफिसातल्या थाटात म्हणाली.

“एका माणसाने चांगल्या माणसावर आळ घेतला.”

“कारण?”

“भीती. तुम्ही हसायचात... आणि मला ते खरं वाटायला लागलं होतं. खरं नसलं तर माझं काय होईल, अशी भीती.”

“साक्षीदार?”

“आत्या. चांगलं झापलंय तिने मला.”

तिच्या ओठाचा कोपरा जरासा हलला, पण तिने तो आवरला. “मग आता काय हवंय?”

“माफ करा. हे पहिलं. आणि दुसरं... ट्रकमध्ये आणखी एक सीट बसवायचीय. माझ्या शेजारी.”

“कुणाच्या मापाची?”

“तुमच्या.”

ती त्याच्याकडे रोखून बघत राहिली. संशयाने बघितलं जाणं म्हणजे काय, हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. “हे तुम्ही वाईट वाटलं म्हणून बोलताय,” ती म्हणाली.

“वाईट वाटलं त्याची माफी मागून झाली. हे वेगळं आहे. तुम्ही मला आवडता. खूप आवडता.”

“पुरावा?”

“नाही.”

“मी हो म्हणेन, याची खात्री?”

“मुळीच नाही.”

“आणि तरी बोललात?”

“तरी बोललो.”

ती खाली बघून कव्हरची कड उगीच सरळ करू लागली. “मी कुणाला चहा आणून देत नाही,” ती पुटपुटली. “बाबांनासुद्धा नाही. विचारा हवं तर.”

“खरं आहे,” आतून मिस्त्री म्हणाले.

“नाही विचारणार,” तपासनीस म्हणाला.

तिने गळ्यातली टेप काढली, बसल्या बसल्याच गुडघ्यापासून जमिनीपर्यंत सोडली आणि आकडा वाचला. “सोळा इंच.”

सोळा इंच कसले? ती जवळजवळ त्याच्याच उंचीची होती. एवढा आखूड पाय एखाद्या शाळकरी मुलीचा असेल. त्याने तोंड उघडलं. मग मिटलं.

“सोळा,” तो म्हणाला.

तेव्हा ती हसली. भंगारबाजारात हसली होती तशीच, पण या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून, आणि पुष्कळ वेळ. “इतकाही विश्वास नको हो. गुडघे हनुवटीला लागतील माझे.” तिने टेप त्याच्या हातात दिली. “एकोणीस आहे. मोजून बघा.”

त्याने खाली बसून मोजलं. एकोणीसच होतं. मग त्याने पुन्हा एकदा मोजलं, आणि या खेपेला त्यात संशयाचा भाग नव्हता.