दाब, धर, सोड

ब्रेक ऑइल संपत आलं होतं, म्हणून मास्तरांनी लेकीला दुकानात पिटाळलं आणि स्वतः पुन्हा गाडीखाली सरकले. सुट्टीचा दिवस, भर दुपार. बाहेर ऊन मी म्हणत होतं. गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आणि लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, चढवलेल्या त्या बुटक्या गाडीखाली तर दिवेलागणीसारखा अंधार. ऑइलचा, जुन्या रबराचा आणि थंड लोखंडाचा वास. मास्तरांना याहून प्रिय वास जगात दुसरा नव्हता. मास्तरीणबाई म्हणत, "यांना अत्तराची बाटली आणून दिली, तरी हे आधी दोन बोटांत चोळून बघतील, घट्ट किती आहे ते."

मास्तर म्हणजे तांत्रिक शाळेतल्या वर्कशॉपचे मास्तर, आता निवृत्त. आणि गाडी म्हणजे काय विचारता! दोनच सीटांची, गर्द हिरवी, लांब नाकाची स्पोर्ट्‌स कार. जिने ती बनवली ती कंपनी कधीच बुडाली. त्या मॉडेलच्या मुळात मोजक्याच गाड्या निघाल्या, आणि त्यांतली रस्त्यावर धावणारी आता ही एकच उरली होती. मास्तरांनी आणि त्यांच्या थोरल्या भावाने, दादाने, ती एका बंद पडलेल्या गोदामातून उचलून आणली तेव्हा तिला सीट नव्हती, काच नव्हती आणि बॉनेटखाली घुशींचा संसार होता. आधी ती कोणाची, कोण चालवायचं, कोणालाच ठाऊक नव्हतं. गाडी मिळाल्याच्या आनंदात या दोघांनी विचारलंही नाही.

सुटे भाग कुठे मिळत नव्हते. मिळत नाही ना, मग बनवायचं! बुशपासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळं मास्तरांनी लेथवर घडवलं. गाडी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी दोघे भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले होते. आणि पुढे ती रस्त्यावर निघाली, माणसं थांबून वळून बघायला लागली, की मास्तरांची छाती अशी फुगायची की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी.

दादा गेला आणि गाडीच्या ब्रेकमध्ये हवा शिरली.

ब्रेकची हवा काढणं हे एकट्याचं काम नाही. एकाने वर सीटवर बसायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी झोपून निपल, म्हणजे हवा सोडायचा बारका स्क्रू, उघडायचं. खालचा म्हणतो, "दाब." वरचा पेडल दाबतो, आणि ऑइल बुडबुड्यांसकट निपलला लावलेल्या नळीतून बाहेर येतं. खालचा म्हणतो, "धर." वरच्याने पेडल तसंच तळाशी धरून ठेवायचं, तोवर खालचा निपल बंद करतो, आणि मगच म्हणतो, "सोड." त्याआधी पाय जरा जरी सुटला, तर काढलेली हवा पुन्हा आत. वर कायम दादा असायचा. आपल्या जाडजूड बुटांतला पाय 'सोड' ऐकल्याशिवाय त्याने कधी हलवला नाही. प्रत्येक हाकेला त्याचं ठरलेलं उत्तर यायचं. "दाबलं." "धरलं." "सोडलं."

तो गेल्यावर मास्तरांनी सगळे उपाय करून पाहिले. पेडल आणि सीट यांच्यामध्ये काठी अडकवली, नळीच्या टोकाला बाटली लावली, होजपाइप बदलले, मास्टर सिलिंडरची रबरं नवी घातली. पण पेडल भिजल्या पावासारखं मऊ ते मऊच. आणि पुढच्या रविवारी तर डोंगरी रस्त्यावर जुन्या गाड्यांची फेरी होती. लांबलांबून लोक येणार होते. मास्तरांच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते, म्हणून गाडी लेक चालवणार होती. लाडाने तिला सगळे ठकी म्हणत. पुलांची तपासणी करणारी मोठी इंजिनिअर झाली, तरी घरात ती ठकीच.

मास्तरीणबाईंनी बजावलं होतं, "गाडीपायी तुम्ही काय वाटेल ते करा. पण माझी मुलगी तीत बसणार असेल, तर माझ्या डोळ्यांत बघून सांगा की ब्रेक लागतात." आठवडाभर मास्तर बायकोची नजर चुकवत होते.

गाडीच्या दाराचा खट्‌ असा आवाज झाला. सीटची स्प्रिंग करकरली.

"आलीस? लवकर आलीस गं."

उत्तर आलं नाही. उन्हात पिटाळलं म्हणून रुसली असेल, असं मास्तरांना वाटलं.

"बरं, राग मागाहून. मागचं डावं चाक. दाब."

नळीतून काळं ऑइल सरकलं, त्यात बुडबुड्यांची माळ.

"धर."

पेडल तळाशी जाऊन थांबलं, ते हललंच नाही. मास्तरांनी सवडीने पाना फिरवला.

"सोड."

काय पाय होता तो! ना घाई, ना थरथर. मास्तर एकेका चाकाशी सरकत गेले आणि वरचा पाय त्यांच्या हाताशी असा जुळून आला, की त्यांना दादाची आठवण येऊन गलबलून आलं. "बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल घालत राहा हं, आटू देऊ नकोस," त्यांनी सांगितलं. वर बॉनेटपाशी हलकेच ओतल्याचा आवाज आला. शेवटच्या चाकापाशी नळीतून नितळ, मधासारखं ऑइल यायला लागलं. एकही बुडबुडा नव्हता.

"शाब्बास, ठके! बापाचं नाव राखलंस."

हात पुसत मास्तर बाहेर आले. सीटवर कोणी नव्हतं.

तेवढ्यात शटरखालून वाकून ठकी आत आली. घामाने निथळत होती. "सॉरी बाबा, आपलं नेहमीचं दुकान बंद होतं. पार चौकापलीकडे जावं लागलं." तिने ऑइलचा डबा पुढे केला. त्याचं सील शाबूत होतं.

मास्तरांनी डब्याकडे पाहिलं, मग बॉनेट उचललं. जी डबी रिकामी होत आली होती, ती काठोकाठ भरलेली होती. त्यांनी दारातून आत हात घालून पेडल दाबून पाहिलं. दगड. दादाच्या वेळीही इतकं टणक पेडल कधी लागलं नव्हतं.

"बाबा... काय झालं? असे काय बघताय?"

"तुझे काका येऊन गेले," मास्तर हळूच म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. भीती नावालाही नव्हती. अभिमान मात्र मावत नव्हता. मरणाच्या पलीकडून माझा भाऊ येतो आणि अर्धवट राहिलेलं काम पुरं करून जातो! कोणाचा भाऊ करेल असं?

ठकी हसली नाही. "काका... असं वाटतं तुम्हाला?"

"मग दुसरं कोण? हे काम असं दोघांनाच येतं. एक मी, एक तो."

मास्तर घरात गेले आणि बायकोच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "ब्रेक लागतात."

उन्हं उतरल्यावर बापलेक गाडी घेऊन डोंगरी रस्त्याला लागले. ठकीच्या हातात स्टिअरिंग, मास्तर शेजारी. इंजिनाचा तो भरदार खर्ज दरीत घुमत होता. चढाव सरला आणि उतार सुरू झाला. ठकी प्रत्येक वळणाआधी गिअर उतरवत होती, पेडल हलकेच टेकवत होती, आणि गाडी तिच्या शब्दाबाहेर नव्हती. मास्तर कधी रस्त्याकडे बघत, कधी लेकीच्या हातांकडे. एवढं सुख सोसायची सवय नव्हती त्यांना.

एका सरळ उतारावर गाडी एकदम करकचून थांबली. चारही चाकं एका दमात थांबली, जराही इकडे-तिकडे न ओढता. पुढे वळण होतं, पण ते बरंच लांब. रस्ता मोकळा.

"काय गं? का थांबवलीस?"

"मी नाही थांबवली." ठकीने पाय वर उचलून दाखवला. "मी ब्रेकला पाय लावलाच नव्हता..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत वळणावरून लाकडाने भरलेला ट्रक वर आला. समोरच्या टेम्पोला मागे टाकण्याच्या नादात त्याने रस्त्याची ही बाजू पूर्ण अडवली होती. घरघरत, डुलत तो कसाबसा आपल्या बाजूला वळला आणि अगदी घासून निघून गेला. गाडी थांबली नसती, तर वळणावर ट्रक थेट अंगावर आला असता.

"दादा," मास्तर शेवटी पुटपुटले. "दादा रे... पोरीला वाचवलंस."

मग त्यांनी खाली पाहिलं. पेडल अजून तळाशीच होतं. ठकीचे दोन्ही पाय मागे घेतलेले, आणि पेडल खाली.

"सोड, दादा."

पेडल हललं नाही.

"दादा... सोड. झालं काम."

काही नाही. 'सोड' म्हटल्यावर दादाने पाय उचलला नाही, असं उभ्या जन्मात घडलं नव्हतं. मास्तर गुडघ्यांची पर्वा न करता खाली उतरले, पलीकडे गेले, ठकीचं दार उघडलं आणि आत वाकले. तिथे गारवा होता. तळघरातला असावा तसा, ओलसर. पेडलवरच्या जाड रबराला खळगा पडला होता. मास्तर डोळे बारीक करून बघत राहिले. बुटाचा नव्हता तो. अनवाणी पायाचा होता. नाजूक, अरुंद पाऊल... पाची बोटं वेगवेगळी उमटलेली.



"सोड," ते तिसऱ्यांदा म्हणाले.

तेव्हा ठकी अगदी हलक्या स्वरात, मैत्रिणीची समजूत घालावी तशी म्हणाली, "सोड आता."

पेडल सावकाश वर आलं. आणि मास्तरांच्या कानाशी, गालाला गार श्वास लागावा इतक्या जवळून उत्तर आलं.

"सोडलं..."

कोवळा आवाज होता, बाईचा. त्यात ना राग होता, ना दुःख. चोख काम करून शाबासकीची वाट बघणाऱ्या माणसाचा अभिमान होता त्यात, आणि तोच मास्तरांना सहन होईना. ते कसेबसे मागे सरले आणि गाडीला धरून धरून आपल्या जागेवर येऊन बसले.

ठकी मात्र उजळलेल्या चेहऱ्याने स्टिअरिंगवरून हात फिरवत होती. "अशी गाडी जगात कोणाकडे नाही, बाबा. तुम्हाला आता रविवारी यायची तोशीस नको. मी एकटी नेते. खुशाल नेते."

हेच तर ऐकायचं होतं त्यांना. इतकी वर्षं त्यांनी जीव ओतला तो याच शब्दांसाठी. लेकीने म्हणावं, तुमच्या गाडीत मी एकटी, न घाबरता बसेन.

"एकटी नको," मास्तर म्हणाले. "हे बघ, ठके... काकांचा आवाज... थंडीवाऱ्यात जरा वेगळा..."

"काका नाहीत ते, बाबा." ती मायेने बोलली. "उगाच माझ्यासाठी खोटं बोलू नका. गाडीला सीटसुद्धा नव्हती तेव्हापासून मी तीत उलटी बादली टाकून बसायचे. तुम्ही आणि काका लेथवर असायचात. येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचात, आमची पोर किती शहाणी, तासन्‌तास एकटी बोलत खेळते."

तिने गिअर टाकला.

"एकटी कुठे बोलत होते मी?"

मग समोर रस्त्याकडे बघत ती म्हणाली, "चल." मास्तरांशी नाही. गाडी अलगद उतरणीला लागली, आणि मास्तरांनी कोणाला कळू न देता आपले दोन्ही पाय हळूच वर, सीटवर घेतले.