बर्फाच्या कारखान्यातली मुडी

बशीत शंभर दाणे. रुजलेले शून्य, कुजलेले चार, चिमट्याने दाबूनही टणक राहिलेले शहाण्णव.

"म्हणजे मेलं," गुरुदास म्हणाला.

गेल्या आठवड्यात तो चुकून आमच्या बी-तपासणीच्या खोलीत शिरला होता. घरचं रुजेना, म्हणून नवं बियाणं मागायला त्याला शेजारच्या कचेरीत जायचं होतं. "कचेरी बंद आहे," मी म्हटलं, "जुनं तपासून हवंय का?" तेव्हा तो हसला होता. आज हसत नव्हता. पेडण्याच्या त्यांच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खाऱ्या पाण्यातही तगणारं कोरगुट भात पिकतं. यंदा साऱ्या वाड्याचं बियाणं त्याच्या ताब्यात होतं.

"खाजन पडीक पडलं तर गावात तोंड कसं दाखवू, आनंदी? मामाने बोटीवर नोकरी बघितलीय. सोमवारी जातो."

बोटीवर... मी चिमटा खाली ठेवला.

"मेलेला दाणा मऊ पडतो. हे झोपलेत. बियाण्याची मुडी कुठे ठेवली होतीस?"

त्याचे कान लाल झाले. "आई पेंढ्यात मुडी बांधून चुलीवर टांगते, उबेत. मला वाटलं, जुनाट पद्धत... मळणी झाल्याबरोबर मोरजीच्या मित्राच्या बर्फाच्या कारखान्यात नेली. मासळीच्या थंड खोलीत."

"बांगड्यांशेजारी?"

"हस गो, हस."

हसू आलंच. मग मी सांगितलं — कोरड्या, उबदार दाण्यात ऑक्सिजनचे चळवळे रेणू हळूहळू साठतात. फार झाले तर दाण्याचा जीव घेतात. पण थोडे लागतातच, नाहीतर झोप मोडत नाही. थंडीत ते साठलेच नसावेत. "आपण बाहेरून देऊ. पातळ हायड्रोजन पेरॉक्साइड."

"जखमेवर फेस येतो तें? आणि जास्त झालं तर?"

"तर खरंच मरेल."

पन्नास दाणे साध्या पाण्यात भिजवले, पन्नास पेरॉक्साइडमध्ये. मग दोन बशा, ओले कागद, झाकणं. तो रोज संध्याकाळी मोटरसायकलवरून यायचा. बशीवर दोघांची डोकी वाकायची. त्याच्या शर्टाला वाऱ्याचा, मिठाचा वास.

"झाकण उघडू नकोस," मी त्याचा हात धरला. "ऊब जाते."

"तुझा हात गरम आहे, न्हय?"

मी हात काढला... जरा उशिराच.

रविवारी तो पाठीवर बॅग घेऊनच आला. बशांच्या झाकणांवर वाफ धरली होती. आतलं काही दिसत नव्हतं.

"रुजलं असलं तर?" मी विचारलं.

"तर बॅग परत घरी. आणि आई तुझ्या घरी... विचारायला. पाठवू?"

मी चिमटा त्याच्या हातात दिला. "तू मोज."

"मी? शिकलीस तू!"

"मोजणाऱ्याला निकाल कसाही चालला पाहिजे, गुरुदास. मला — नाही चालत."

तो हळूच म्हणाला, "मला तरी कुठे चालतो गो?"

"मग दोघं मोजू. वेगवेगळे. जुळलं तरच लिहायचं."

झाकणं निघाली. तो मोजून बाजूला झाला, मग मी. आकडे एकमेकांना सांगितले. जुळले.

साधं पाणी: पन्नासपैकी तीन. पेरॉक्साइड: पन्नासपैकी त्रेचाळीस.