मधल्या गल्लीची पटनोंदणी

धोंडुबाईच्या दाराची कडी वाजवायला शिवांजलीनं हात उचलला, तर कडीवर आधीच एक हात होता. पुरुषाचा. बोटाला शाईचा डाग, मनगटाला घामानं चिकटलेला घड्याळाचा पट्टा. आणि काखेत... तिच्या काखेत होती तशीच पटनोंदणीची वही.

"चुकलासा जणू, बाई," तो म्हणाला. "ही पोरगी आमच्या शाळेची."

"नाव लिहिलंत?"

"लिहायलाच आलोय की."

"मग मीही लिहायलाच आलेय," शिवांजली म्हणाली. हात मात्र दोघांचेही कडीवरच राहिले.

अठ्ठ्याण्णव सालचा मे होता. कौलावर पापड भाजावा असं कोल्हापूरचं ऊन. सगळ्या गावाला सुट्टी, पण महापालिकेच्या शाळांतले शिक्षक दारोदार हिंडत होते. सहा वर्षांचं पोर कुठल्या घरात आहे ते हुडकायचं, आईबापाची समजूत घालायची, वहीत नाव उतरवायचं. पट घसरला की शाळा मिटते, हे सगळ्यांनाच ठाऊक. शिवांजलीची शाळा खालच्या अंगाला, तळ्याकडं. या जोतीराम गुरुजीची वरच्या अंगाला, तालमीमागं. मधली गल्ली मात्र दोन्हींच्या मध्ये. जो आधी पोचेल त्याची.

दार उघडलं. धोंडुबाई ऐंशीला टेकलेली, पण आवाज तालमीतल्या वस्तादाचा. "काय ओ, कडी उपटून न्हेतासा काय?"

जोतीरामनं रस्त्यावरूनच घाई केली. "आज्जी, पणतीला आमच्या शाळेत घाला. म्हैन्याला तीन किलो तांदूळ मिळतोय, शिवाय—"

"थांब! रस्त्यात हुबं ऱ्हाऊन मागाय ही लेक हाय का कोथमिरीची पेंडी?"

तिनं दोघांना पायरीवर बसवलं. तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढं ठेवला. "माझ्या आज्याला म्हाराजांच्या राज्यात दंड पडलता, पोरगं शाळंत घातलं न्हाय म्हणून. पर शिपायाच्या आदी मास्तर यायचा. पायरीवर बसायचा, पानी प्यायचा, मग मागायचा. एकबी पोर शाळंबाहीर ऱ्हायला नगं, असा हुकूमच हुता त्येंचा. माझी आई जात्यावर म्हणायची—

दारात आला गुरू, बस म्हणावं पायरीला
पानी पिऊन माग, मग लेक देते शाळंला."

म्हणता म्हणता म्हातारी मिस्कील हसली. "आन आता बगा. एक पोरगी, दोन मास्तर. पोरं सरली का मास्तर वाडलं? पोरीलाच इचारा कुटं जाती."

दाराआडून अनुजानं अर्धं तोंड बाहेर काढलं. दोघांना नीट निरखलं. "तुमच्या शाळंत चिंच हाय का?"

"आहे की," शिवांजली म्हणाली. "पटांगणातच. बेंचवर उभं राहिलं की हाताला लागते."

जोतीरामनं डोकं खाजवलं. "चिंच न्हाय गं. पण... नळाला पाणी हाय."

"मग मी बाईंच्या शाळंत येतो," अनुजानं निकाल देऊन टाकला.

गल्लीच्या तोंडाशी त्यानं वही काखेत मारली. मग म्हणाला, "सहा वर्सं झाली शिकवतोय. पण चिंचेनं हरवलं न्हवतं कुणी."

"तोंड आंबट करू नका, गुरुजी."

"तोंडच तसलं हाय, बाई."

शिवांजली त्या दिवशी जयसिंगपूरच्या गाडीत खिडकीशी बसली. हातकणंगले मागं पडलं, तरी तिचं हसू काही मागं पडेना.

तेव्हापासून मे महिना तिचा झाला. बाकीचे अकरा महिने सकाळची गाडी, पोरांचे पाढे, संध्याकाळची गाडी. दोन शाळांत हाकेचं अंतर, पण हाक मारायला कारण नसायचं. त्याच्या शाळेची घंटा तेवढी ऐकू यायची. तिच्या शाळेच्या घंटेनंतर अर्ध्या मिनिटानं. त्या अर्ध्या मिनिटात तिचा खडू फळ्यावर थांबायचा. पोरांना वाटायचं, बाईंना पुढचं आठवेना.

आणि मे आला, की तो मधल्या गल्लीत उभा असायचाच. "कुंभाराच्या घरात जुळी हायत. एक तुमचं, एक माझं?"

"जुळ्यांची ताटातूट करताय, पाप लागेल."

"मग दोनी तुमची. पापाचं जाऊ द्या... उसाचा रस तरी घ्या."

एका मेमध्ये वळीव कोसळला. गारांनी पत्रे वाजायला लागले. दोघं धोंडुबाईच्या वळचणीला उभी. तिची वही भिजू नये म्हणून त्यानं ती आपल्या सदऱ्याच्या आत, छातीशी धरली. पाऊस उणा झाला तरी वही परत देईना.

"बाई... एक इचारायचं हुतं."

"विचारा ना."

त्यानं रस्त्याकडं पाहिलं. वाहत्या पाण्याकडं पाहिलं. तिच्या ओल्या बांगड्यांकडं पाहिलं. "...गाडी गाठायची न्हाई का तुमास्नी?"

वही परत आली तेव्हा ऊबदार होती. गाडीत ती मांडीवर घेऊन शिवांजली बसून राहिली. त्याचं बिद्रीकडचं घर शेतकऱ्याचं, देव जोतिबा. तिच्या घरी गळ्यात लिंग, बोलण्यात निम्मं कानडी, आणि अप्पांच्या अडत दुकानात माणसाआधी माणसाचं आडनाव तोललं जायचं. त्यानं विचारलं असतं तर काय म्हटलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय उत्तर कसं द्यायचं?

दोन हजार तीन सालचा मे. गल्लीगल्लीत इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या हिंडायला लागल्या होत्या. वरनं बातमी आली, की या दोन शाळांपैकी जिचा पट ठरल्या आकड्याखाली जाईल, ती बंद.

शिवांजली त्या रात्री तळमळली. सकाळी तिनं मनाशी ठरवलं, यंदा मधली गल्ली त्याला सोडायची. तिच्याकडं खालची घरं होती, भागेल कसंबसं. त्याची शाळा जगली पाहिजे. ती गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, आणि मागं फिरली.

जूनमध्ये मोजदाद झाली. तिच्या शाळेला अकरा पोरं कमी पडली. त्याची शाळा जास्तीच्या दोन पोरांवर तरली.

ती तडक तालमीमागं गेली. जोतीराम व्हरांड्यात वह्या लावत होता. तिला बघून उठला, तर वह्या खाली पडल्या.

"मधल्या गल्लीची पोरं किती आली तुमच्याकडं?"

"माझ्याकडं?" त्याचा चेहराच उतरला. "बाई, मी गेलोच न्हाई तिकडं. म्हटलं, तुमाला अडचण हाय... ती गल्ली तुमची."

"अहो, मी तुमच्यासाठी सोडली!"

तेवढ्यात समोरून पिवळी गाडी गेली. खिडकीतनं मधल्या गल्लीची पोरं हात हलवत होती. गळ्यात टाय, दप्तरं नवी कोरी.

धोंडुबाईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "पिवळ्या गाडीवाला पायरीवर बसला, पानी प्याला, घिऊन गेला. तुमी दोगं आल्लाच न्हाईसा. मागितलंच न्हाई, तर घावंल कसं रं कुनाला? आन निस्तं पोरांचंच म्हणत न्हाई मी!"

जोतीराम मान खाली घालून ऐकत होता. शिवांजलीनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

शाळा मिटली. उरलेल्या पोरांची रांग करून शिवांजलीनंच ती तालमीमागं पोचवली. अनुजा आता सहावीत निघाली होती; रांगेत सगळ्यात पुढं तीच. फाटकात जोतीराम उभा. त्यानं एकेका पोराचा हात तिच्या हातातनं आपल्या हातात घेतला. शेवटचं पोर आत गेलं. तिचा रिकामा हात तसाच पुढं राहिला होता... त्यानं पाहिला. ओठ हलले. घंटा झाली, आणि तो आत गेला.

शिवांजलीची बदली बावड्याकडं झाली. तिथल्या शाळेत सगळं होतं. फक्त अर्ध्या मिनिटानंतरची घंटा नव्हती. तरी रोज तिचा खडू सवयीनं थांबायचा. थांबायचा, आणि काहीच ऐकू यायचं नाही.

मग पुढचा मे आला. रविवार होता. जयसिंगपुरात घराच्या माडीवर ती नव्या पटाची वही घेऊन बसली होती. खालून अप्पांचा निम्मा कानडी, निम्मा मराठी आवाज आला. "कोण पावणं? कुंद्री, वर खुर्चीत बसा की."

"नको. पायरीच बरी हाय."

तिच्या हातातली वही गळाली. जिन्याच्या अर्ध्यावर येऊन ती उभी राहिली. पायरीवर जोतीराम बसला होता. इस्त्रीचा सदरा, पायात नवं कोल्हापुरी पायताण, कपाळ घामानं डबडबलेलं. तिच्या आईनं, म्हणजे अव्वानं, तांब्या आणि गूळ पुढं ठेवला. त्यानं गूळ खाल्ला. पाणी प्याला. सगळं, तळापर्यंत.

"पाणी प्यालो," तो म्हणाला. "आता मागतो. अप्पा, मी मास्तर माणूस. लोकांच्या दारात जाऊन पोरं मागितली, पण सोतासाठी मागायला सा वर्सं लागली. रस्त्यातनं मागायचं न्हवतं, म्हणून पायरीवर आलोय. तुमच्या शिवांजलीसाठी."

अप्पा अव्वाकडं बघून कानडीत काहीतरी पुटपुटले. अव्वा म्हणाली, "वर्षभर पोरगी धड जेवली न्हाई, ते मला दिसतंय. तुम्हाला दिसंना का?"

अप्पांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. जिन्याकडं वळून न बघताच म्हणाले, "पोरीलाच इचारा."

शिवांजली दोन पायऱ्या उतरली. डोळे भरले होते, तरी ओठाच्या कोपऱ्यात ते जुनं हसू आलंच.

"तुमच्या शाळेत चिंच आहे का?"

जोतीरामनं वर पाहिलं. "लावलीय. तुमी मला चिंचेनं हरवलं त्याच सालच्या जूनमध्ये. आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय... चिंचा लागायच्या हायत अजून. वेळ लागतोय म्हणत्यात."

"लागू दे," ती म्हणाली. "मी येते."