डोळे मिटून तीन मिनिटं

कोरे कागद आणायला बाई ऑफिसात गेल्या, तेव्हा कारकुनाने मान खाली घालूनच गठ्ठा पुढे सरकवला. बाईंची आई जाऊन अठरा दिवस झाले होते. त्यांच्याशी काय बोलावं ते लोकांना सुचत नव्हतं, आणि बाईंना त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर कशाचंच काही वाटत नव्हतं. डोळ्यांत टिपूसही आलं नव्हतं. एकच गोष्ट डोक्यातून जात नव्हती. शेवटच्या घटकेला आई काहीतरी बोलली, असं नर्स म्हणाली होती. बाई तेव्हा बाहेर फोनवर होत्या.

बाई शाळेत संगीत शिकवायच्या. आधी कान तयार व्हावा, गळ्याचं मग बघू, हा त्यांचा हट्ट. जेवणाच्या सुट्टीनंतर मुलं डोळे मिटून तीन मिनिटं नुसती ऐकत, ऐकलेलं कागदावर लिहीत, आणि त्या आवाजांतून सगळी मिळून एखादी चाल बांधत. पंखा, नळ, रस्त्यावरची गाडी. कुणाचं पोट गुडगुडलं तर तेही चालीत यायचं आणि वर्ग खो-खो हसायचा.

त्या दुपारी कुणी हसलं नाही. बाईंनी कागद चाळले. पंखा होता, नळ होता. आणि बावीसच्या बावीस कागदांवर शेवटी एकच ओळ होती... कुणीतरी बाई कुजबुजते.

"काय म्हणते?" बाईंनी विचारलं.

शेवटच्या बाकावरच्या किडकिडीत मुलीने हात वर केला. तिला बाईच कानसेन म्हणायच्या. सात भिंतींपलीकडचं हिला ऐकू येतं, असं सगळी शाळा म्हणायची.

"पाणी मागते."

अंगावर काटा यायला हवा होता. आला नाही. म्हणजे आईला पाणी हवं होतं, एवढंच बाईंच्या मनात आलं. त्यांनी पेला भरून टेबलावर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "घे."

दुसऱ्या दिवशी बाकीच्या मुलांना काही ऐकू आलं नाही. कानसेनला आलं. मग बाई तिला एकटीलाच मागे थांबवू लागल्या. तीन मिनिटांची दहा झाली, दहाचा अर्धा तास. मिटलेल्या पापण्यांखाली पोरीची बुबुळं सारखी हलत. वर्गात ओल्या मातीसारखा वास यायचा.

"अजून काय म्हणते?"

"नुसतं पाणी, बाई..."

"मग अजून ऐक."

शुक्रवारी मधेच मीटिंगचं बोलावणं आलं आणि बाई तशाच उठून गेल्या.

शनिवारी सकाळी कानसेनचे वडील शाळेच्या फाटकाशी उभे होते. "काल मैत्रिणीने हात धरून घरी आणलं तिला. आम्हाला वाटलं, खेळ चाललाय. पण रात्रभर डोळे उघडले नाहीत. जेवलीसुद्धा तशीच. म्हणते, बाईंनी अजून उघड म्हटलं नाही."

बाई त्यांच्यामागून निघाल्या. घरात पोरगी खाटेच्या कडेला बसली होती, मान एका बाजूला कलती. इथेही तोच ओला वास होता. बाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"उघड डोळे, बाळा."

तिने उघडले. वडिलांनी सुस्कारा सोडला आणि तिच्या आईला सांगायला आत धावले.

"बाई, दोघी होत्या," मुलगी हलक्या आवाजात म्हणाली. "एक पाणी मागायची. दुसरी म्हातारी होती. ती म्हणायची, हिला काही देऊ नकोस गं पोरी... ऊठ इथून."

बाईंची आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला 'गं पोरी' म्हणायची.

"मग पाणी मागणारी कोण?"

"आवाज तुमचा होता. म्हणून मी एकदा डोळे किलकिले करून पाहिलं. तुम्ही समोर बसला होतात... आणि तुमचं तोंड मिटलेलं होतं."

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. बाईंनी हातांकडे पाहिलं. हात थरथरत नव्हते. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, ते थरथरायला हवे होते.

"आता ऐकू येतं?"

मुलीने कान दिला. बराच वेळ ऐकत राहिली.

"एकीचाच आवाज येतो."

कुणाचा, हे विचारायला बाईंनी तोंड उघडलं, आणि पोरीने घाईघाईने दोन्ही कान हातांनी गच्च झाकून घेतले.